आक्काच्या गाडीची चाकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

भुकूमला आमच्या गोठ्यात आबांची, म्हणजे वडिलांची, जुनी मोटारसायकल होती. आबांनी ती शिकवली माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला. मी घाबरायचो. ती पौडच्या रस्त्यानं सुसाट जायची, मी मागं तिला घट्ट धरून — काय हसायची ती! तसं हसणं पुन्हा कुठं ऐकलं मी?

आबा गेले, गाडी गंजली. आक्का तेव्हा मारुंजीला, सासरी. एकदा माहेरपणाला आली आणि म्हणाली, "चाकं काढ. आपून नीट करू." अंगणात बसून दोघांनी रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं रिंगा घासल्या. तांबडा गंज उतरला, खालून चकाकी आली. रिंगा धड होत्या. फक्त आऱ्या, चाकातल्या तारा, नव्या लागणार होत्या. "बसवून ठेव, मी येते चालवाया," असं सांगून ती गेली.

आणि मग — जो तो विचारायला लागला, आक्काची गाडी झाली का? आक्काची! आबांचं आजारपण काढलं मी, आणि गाडी तिची?

मी फोन केला. "रिंगा गंजानं आरपार खाल्ल्यात. मिस्त्री म्हणतोय, भंगारात घाला. तसल्या आता मिळत न्हाईत."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग."

चाकं मी माळ्यावर लपवली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मी तरी चालवली का गाडी? नाही.

गेल्या वर्षी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तेव्हा कुठं मी चाकं खाली काढली. पुन्हा घासली, आऱ्या बसवल्या, मिस्त्रीकडून चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला, इंजिनही चालू करून घेतलं. गाडी चालवायला शिकलो आणि कशीबशी मारुंजीला नेली. आक्कानं डाव्या हातानं रिंग चाचपली.

"कुटं घावली रं?"

निदान तेव्हा तरी खरं सांगायचं — नाही? मी म्हणालो, "लई शोधली."

तिचे डोळे भरले. माझा खांदा धरून ती मागं बसली. "जोरात घे की," म्हणाली. मला तिच्या मागं बसायचं होतं. अजून बसायचंय.

आता येईल त्या पाहुण्याला ती सांगते — माझ्या भावानं माझ्यासाठी वर्षानुवर्षं चाकं शोधली. मी शेजारीच बसलेला असतो. चहा पीत.