अक्कांनी दाखवलेलं बेंगळूर

रविवारी संध्याकाळी नेहमीसारखा पुण्याहून बेंगळूरला फोन लावला आणि पलीकडून रिसीव्हर उचलल्याचा आवाज येताच विचारलं, "काय अक्का, आज कुठं?" आवाज आला तो त्यांच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या भावाचा, नागूअण्णांचा. "माधवी, अक्का गेली गं... काल दुपारी, झोपेतच."

नव्वदच्या सुमाराला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मी नागपूरहून बेंगळूरला गेले आणि इंदिरानगरात रुक्मिणीअक्कांच्या माडीवरची खोली घेतली. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. मराठी आमचीच, पण कानडीत बुडवून काढलेली. आठवडा ऑफिसात निघून जायचा, रविवार मात्र खायला उठायचा. अशाच एका रविवारी मी पडून होते, तर खालून हाक आली, "गाव बघायला आलीस की छत? उठ, चल!"

त्या दिवसापासून दर रविवारी, लख्ख उन्हात, चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा डबा घेऊन आम्ही निघायचो. कंडक्टर असो की फुलवाली, अक्का न विचारता सांगून टाकायच्या, "पाहुणी आलीय, गाव दाखवते." तीन वर्षं मी पाहुणीच होते! बरं, दाखवणाऱ्या बाईंना रस्ते ठाऊक असतील तर शपथ. एकदा लालबागेला म्हणून निघालो आणि बसवनगुडीच्या भल्यामोठ्या नंदीपुढे जाऊन उभ्या राहिलो. "सरी, बरोबर आहे, हाच दाखवायचा होता," असं म्हणून त्यांनी शांतपणे नमस्कार केला. मी हसून हसून बेजार.

उलगडा झाला तो हलसूरच्या तळ्यावर. काठावर ही गर्दी, पोरांचा कलकलाट, शेंगावाले. आम्ही नावेत बसलो. नाव हलली तशी अक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि तळ्याकडे अशा बघत राहिल्या की मला राहवेना. "अक्का, पहिल्यांदाच बसताय?"

"माहेर माझं इथलंच, त्या झाडांमागं. पण लहानपणी कुणी बसू दिलं नाही, आणि हे गेल्यावर एकट्या बाईनं नावेत बसायचं म्हणजे... कुणी विचारलं तर काय सांगायचं? आता तू आहेस. पाहुणीला फिरवते म्हटलं की कोण काय बोलणार?" मग नावाड्याला म्हणाल्या, "स्वल्प हळू घे अप्पा, घाई नाही."

म्हणजे गाव मी नव्हे, त्या बघत होत्या. आयुष्यभर तिथंच राहून, पहिल्यांदा.

पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. दर रविवारी फोन मात्र चुकला नाही. "आज लालबाग. काय गुलाब फुललेत गं!" "आज तळं. ऊन असं पडलेलं, पाणी नुसतं लकाकत होतं. बेटावर बगळे..." मी सासरच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं. बाई आता एकटीनं फिरायला लागल्या, याचं कौतुक तर चारचौघांत सांगत सुटायची.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आले. बोलता बोलता नागूअण्णांना म्हटलं, उद्या तळ्यावर जाईन, अक्कांच्या ओळखीचा नावाडी असेल, त्याला सांगायला हवं. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "कसला नावाडी? तू गेल्यावर अक्का कुठं गेली? रविवारी दुपारी ठेवणीतली साडी नेसायची, मोगरा माळायची आणि फोनजवळ बसायची. तुझा फोन झाला की साडी घडी करून ठेवायची."

फोनजवळची वेताची खुर्ची अजून तिथंच आहे. मी तिच्यावर बसून पाहिलं. समोर खिडकी आहे, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. तेवढ्या भिंतीतून त्या मला दर रविवारी गाव दाखवत होत्या.