भाईला मी बंदरातच ठेवलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. घरात नाही, मित्रांत नाही. दुआतसुद्धा मी ती गुळमुळीत शब्दांत गुंडाळून मागितली — 'कळत-नकळत झालेल्या चुका माफ कर' वगैरे. नकळत? छे. सगळं कळत होतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा सांगता येतंय. ओळखत असतात तर तुम्हालाही मी माझा टाय घातलेला फोटोच दाखवला असता.

मी मूळचा हर्णैच्या बाजूचा, आता बरीच वर्षं जेद्दाला आहे. काम पर्यटनाचं. इथल्या बंदरात क्रूझची मोठी जहाजं यायला लागली तेव्हा आमच्या कंपनीने टर्मिनलमध्ये एक डेस्क टाकलं आणि त्या डेस्कमागे मला बसवलं. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात उतारूंनी काय बघायचं, कुठे जायचं, काय टाळायचं, हे सांगणारा माणूस म्हणजे मी. आणि खोटं कशाला बोलू — हे काम मला फार छान जमायचं. समोरच्या माणसाची चाल बघून मी सांगायचो, की तुम्ही जुन्या शहरात पायी फिरू नका, चढण आहे, तुम्ही समुद्राकाठी जा. पोहायचं म्हणणाऱ्याला आधी विचारायचो, शेवटचं कधी पोहलात? लोक हसायचे, पण ऐकायचे.

हे ज्ञान माझं नव्हतं. ते सगळं भाईचं होतं.

भाई म्हणजे माझा मोठा भाऊ, यासीन. अब्बा गेले तेव्हा मी शाळेत होतो. भाईने शिक्षण सोडलं, जहाजावर लागला आणि मला कॉलेजात घातलं. कॅरिबियनच्या क्रूझवर, लाँड्रीत. जहाजाच्या तळाशी, जिथे खिडकी नसते. वर हजारो लोक सुट्टी साजरी करायचे आणि खाली भाई त्यांच्या चादरी धुवायचा. जमैका, बहामा, मेक्सिकोचा किनारा — सगळीकडे गेला. पण बहुतेकदा धक्क्यापर्यंतच. स्वस्तातलं कार्ड घेऊन धक्क्यावरून मला फोन लावायचा आणि तिथे जे दिसायचं ते सांगायचा. गेटबाहेर पहिला जो हाका मारतो त्याच्या गाडीत बसायचं नाही. भाडं आधी ठरवायचं. पासपोर्ट जहाजावर, खिशात झेरॉक्स. खडकाच्या आतलं पाणी शांत दिसलं म्हणून फसायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — हे तो परत परत सांगायचा — “जहाजाच्या टूरवर गेलास आन् उशीर झाला तर जहाज थांबतंय. आपला आपण गेलास तर कुणी थांबत नाय. धक्क्यावर धावणारी माणसं मी बघितलेत. लय वाईट दिसतं ते.”

मी तेव्हा हसत ऐकायचो. मला काय माहीत, की एक दिवस याच गोष्टी सुटाबुटात सांगून मी पगार घेईन?

डेस्कवरचा फोटो मी भाईला पाठवला, तेव्हा तो इतका खूश झाला, की जहाजावरच्या फिलिपिनो स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आला. 'माझा भाऊ हाफिसर हाय.' गावी भाभीने तो मोठा करून भिंतीवर लावला.

मग आमची पाळी आली. आधी मोबाइलची दुकानं, मग गाड्या भाड्याने देणारे, असं करत करत सौदीकरण, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस घ्यायचा नियम, आमच्या डेस्कपर्यंत पोचलं. माझ्या जागी रीम आली. जेद्दाचीच मुलगी, नुकती शिकून बाहेर पडलेली, हसरी. तिला मीच काम शिकवलं. कंपनीने मला काढलं नाही, मेहेरबानी केली म्हणा ना. इकाम्यावरचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावरचा, पेशा बदलून मी 'आमिल' झालो, म्हणजे साधा कामगार. टाय गेला, चमकतं पिवळं जॅकेट आलं. बसमध्ये पाण्याच्या बाटल्या चढवायच्या, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, चाकाच्या खुर्च्या उघडायच्या-मिटायच्या.

सौदीकरणाला दोष देऊ नका. रीमला तर नाहीच नाही. तिचा देश, तिचं बंदर. आणि बाटल्या चढवण्यात कमीपणा कसला? भाई आयुष्यभर लोकांच्या चादरी धूत होता, त्याने कधी लपवलं? मी लपवलं. घरी कुणालाच सांगितलं नाही. भिंतीवरचा फोटो तसाच राहिला.

आणि मग भाईचा फोन आला. त्याचं जहाज मोसमापुरतं तांबड्या समुद्रात येणार होतं. जेद्दाला थांबा, आणि त्या दिवशी त्याला सुट्टी.

भाईने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितलेली मला ठाऊक आहे. मक्का बघायची. हजचं नाव तो घ्यायचा नाही, ते मोठं काम. पण एक उमरा तरी, म्हणजे काही तासांत होणारी मक्केची छोटी यात्रा. इतकी वर्षं पाण्यावर काढली आणि पाणी नेहमी दुसरीकडेच घेऊन गेलं. आता जहाज थेट जेद्दाला लागणार, मक्का तिथून तास-सव्वा तासावर आणि सख्खा भाऊ बंदरात अधिकारी! आधीच्या मोसमात दुसऱ्या एका जहाजावरचे दोघे इंडोनेशियन परवानगी काढून उमरा करून आलेसुद्धा होते. भाईनेही कप्तानाच्या ऑफिसातून परवानगी काढून ठेवली होती. इहरामची, उमऱ्याला अंगावर घ्यायची, दोन्ही पांढरी वस्त्रं त्याने स्वतःच्या हाताने धुतली होती, इस्त्री केली होती. फोनवर मला सांगत होता, “अरे, एवढी वर्ष लोकांचं पांढरं धुतलं, आज माझं धुतलं.”

मी त्याला काय म्हणालो ते सांगणारच आहे. थोडं थांबा. आधी तो पुढे काय म्हणाला ते ऐका — “पयला तुझं हाफिस बघणार. तुझ्या खुर्चीत बसून एक फोटू काढणार. मग मक्केला. तू हायस तिथं, मला कसली फिकीर?”

तुझी खुर्ची. त्या खुर्चीत रीम बसत होती.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. असं म्हटलं तर माझ्याबद्दल उगाच बरं वाटेल तुम्हाला. मला सुचायला क्षणसुद्धा लागला नाही. मी डेस्कवर बसायचो तोच आवाज काढला — शांत, जबाबदार, माहीतगार — आणि म्हणालो, की भाई, आता नियम बदललेत. मक्केच्या रस्त्यावर तपासणी कडक आहे, खलाश्यांना अडकवून ठेवतात. वेळ पुरणार नाही. तूच सांगायचास ना, आपला आपण गेलं की जहाज थांबत नाही? तुझं जहाज चुकलं तर नोकरी जाईल. आणि नेमका मी त्या दिवशी कामासाठी रियाधला आहे. तू कंपनीच्या बसने जुनं शहर बघ, सुरक्षित आहे, वेळेत परत आणतात. मक्का पुढच्या फेरीला, नीट बेत करून.

वेळ पुरत होता. मी स्वतः कितीदा त्या रस्त्याने गेलो होतो. नियम बदलले नव्हते. मी रियाधला नव्हतो. एका दमात किती खोटं निघालं माझ्या तोंडून! आणि वर त्याचीच शिकवण त्याच्यावर उलटवली. दुसरं काही सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. याच्यावर तो काय बोलणार?

भाई म्हणाला, “बरोबर हाय तुझं. तुला जास्त ठावं. पुढच्या खेपेला.”

सुट्टी मागितली असती तर रीमने दिली असती. एवढंच नव्हे, स्वतः खुर्चीतून उठून तिने भाईला बसवलं असतं. हे मी अंदाजाने बोलत नाही. तसंच झालं.

जहाज लागलं त्या सकाळी मी रीमला एवढंच म्हणालो, की माझा भाऊ विचारत येईल, मी रियाधला गेलोय म्हणून सांग. तिने माझ्याकडे बघितलं. का, असं विचारलं नाही. त्या पोरीलाही मी खोटं बोलायला लावलं, हे मोजायचं राहूनच जातं नेहमी.

खलाश्यांच्या घोळक्यात भाई उतरला. ठेवणीतला शर्ट, केसांना तेल. किती पिकला होता! फोनवर आवाज तोच असतो, त्यामुळे मला वाटायचं तो तसाच आहे. मी बसच्या मागे सामानाच्या कप्प्याशी उभा होतो, बाटल्यांचं खोकं छातीशी धरून. तो टर्मिनलच्या काचेच्या दारातून आत गेला. डेस्कपाशी अदबीने थांबला. रीमशी काहीतरी बोलला, माझं नाव घेतलं असणार. ती उठली. तिने खुर्ची मागे ओढली आणि त्याला बसायची खूण केली. भाई खुर्चीच्या कडेवर बसला, पूर्ण टेकलासुद्धा नाही, हात गुडघ्यांवर. रीमने त्याच्याच फोनवर फोटो काढला.

माझ्या खिशात फोन थरथरला. फोटो आला होता. खाली लिहिलं होतं — 'तुझ्या खुर्चीत.'

मध्ये एक काच आणि एक बस. खोकं खाली ठेवून चालत गेलो असतो तर गळ्यात पडलो असतो. कितीतरी वर्षांनी. मला त्याच्या खांद्याचा वास आठवत होता, लाँड्रीच्या साबणाचा, सुट्टीवर यायचा तेव्हा यायचा तो. मला जायचं होतं हो. खरंच फार जायचं होतं. पण अंगात पिवळं जॅकेट होतं.

तो दुसऱ्या बसमध्ये चढला, मी सुचवलेल्या. जुनं शहर बघून आला. मी दिवसभर बाटल्या वाटल्या.

संध्याकाळी जहाज सुटायच्या आधी त्याचा आवाजी मेसेज आला. मागे वारा, खलाश्यांचा गलका. “डेकवर उभा हाय. मक्का कुठल्या अंगाला रे? सांग, तिकडं तोंड करतो.”

समुद्राकडे पाठ कर, मी लिहिलं. सूर्य बुडतोय त्याच्या बरोब्बर उलट. शहराच्या पलीकडे.

एवढं एकच मी त्याला खरं सांगितलं.

मी धक्क्यावर होतो. वर कठड्याशी बरीच माणसं होती, सगळी मावळत्या सूर्याकडे मोबाइल धरून. एकच माणूस तिकडे पाठ करून उभा होता. एवढ्या उंचीवरून तोंड दिसत नव्हतं. पण तो बराच वेळ तसाच उभा होता, जहाज हलल्यावरही.

पुढची फेरी झाली नाही. त्या पाण्यातून जहाजं नेणं धोक्याचं झालं, कंपनीने जहाज पुन्हा कॅरिबियनला नेलं. भाई त्याच लाँड्रीत, त्याच बेटांना. फोनवर कधी मक्केचा विषय निघाला की म्हणायचा, कुठं पळून जाते काय. आणि गावी सुट्टीवर आला की लोकांना सांगायचा — हे मला भाभीकडून कळलं — की माझ्या भावाने वेळेवर सावध केलं, नाहीतर जहाज चुकलं असतं. असा भाऊ पाहिजे. तेव्हाही मी गप्प राहिलो. खरं सांगायला उशीर झालेला नव्हता. तो जिवंत होता, धडधाकट होता, विमानाने येऊ शकत होता. पण बोलावलं तर माझं घर बघेल, काम बघेल! मी म्हणत राहिलो, जरा थांब, इथलं सेट होऊ दे.

अशाच एका सुट्टीत, अंगणात बसला असताना, भाई गेला. छातीत कळ आली म्हणाला आणि संपलं. मी पोचलो तोवर दफन झालं होतं. भाभी मला म्हणाली, “तुमच्यामुळं निदान जेद्दा तरी बघितलं त्यांनी.” मी मान हलवली. काय करणार होतो?

इथे परत आल्यावर भाईच्या नावाने उमरा केला. गावात कळलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, मौलवीसाहेबांनी माझं नाव घेऊन दुआ केली. ते कौतुकही मी घेतलं. नको म्हटलं नाही.

पण तो उमरा मी घरून सुरू केला नाही. इहराम घालून सकाळी बंदराच्या गेटशी जाऊन उभा राहिलो, जहाज लागून खलाशी उतरतात त्या वेळेला. तिथून टॅक्सी केली. रस्त्यात कुणी अडवलं नाही. मी घाई केली नाही; भाई गुडघ्याने थोडा अधू होता, त्याच्या चालीने काब्याभोवती तवाफ केला, त्याच्या चालीने दोन टेकड्यांमधल्या सईच्या फेऱ्या घातल्या. मध्ये बसलो. जमजमचं पाणी प्यालो. काबा दिसला की पहिली दुआ कबूल होते म्हणतात. मला काही मागता आलं नाही, मी नुसतं त्याचं नाव घेत राहिलो. डोक्यावरचे केस उतरवून घेतले, दुपारचं जेवलो आणि टॅक्सी करून बंदरावर परत आलो.

असरची, दुपार कलल्यावरची, अजान अजून व्हायची होती. जहाजं मगरिबनंतर, सूर्य बुडाल्यावर, सुटतात. गेटसमोरच्या टपरीवर मी चहा घेतला, आणि मग आणखी एक घेतला, तरी वेळ उरला.