मंदारचं गाणं कुणी मागेल का?

गिटारच्या दुकानात माल खपतो, किस्से मात्र साठत जातात! सिंगापुरात जुरोंग ईस्टला माझं दुकान, तिथले निम्मे किस्से एकट्या मंदारचे. हा पुण्याचा आयटी मॅनेजर. नोकरी सोडून कंट्री रॉक वाजवायला लागला, गाणीही स्वतःच लिहितो. घर बायको चालवते, शर्वरी. "माझं एक तरी गाणं कुणी आपणहून मागू दे शेठ, नाहीतर मी परत ऑफिसात," असं त्यानं मला सांगून ठेवलेलं.

*

पहिलं गाणं लांबलचक रस्त्याचं. ट्रक, धूळ, मागे सुटलेलं गाव. शर्वरी म्हणाली, "अरे, हे सिंगापूर आहे. तुझं दुसरं कडवं येईपर्यंत समुद्र येतो!"

मंदारनं गाण्यातला ट्रक मलेशियाला जाणाऱ्या पुलावरच्या रांगेत उभा केला. "आता दहा कडवी बसतील!"

*

इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. मंदारकडे टिश्यू नव्हते, त्यानं गिटारच ठेवली!

"अरे, जाईल ना चोरीला!"

"शेठ, इथे टिश्यू कुणी नेत नाही, गिटार कोण नेतंय?"

नूडल्स घेऊन आलो तर तीन चिनी आजोबा खुर्च्या वळवून समोर बसलेले. त्यांना वाटलं, कार्यक्रम आहे! मंदार खूश. नूडल्स बाजूला सारून स्वतःचं गाणं सुरू केलं. एक आजोबा अदबीनं म्हणाले, "बॉय, जुनं काही येतं का?"

*

मग इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या एका बारमध्ये त्यानं युक्ती केली. "एक जुनं अमेरिकन गाणं," असं सांगून आपलंच ताजं गाणं वाजवलं. टाळ्याच टाळ्या! एक पिकल्या केसांचा माणूस तर डोळे पुसत म्हणाला, "कॉलेजात हेच ऐकायचो आम्ही!"

मंदार दुकानात येऊन डोकं धरून बसला. "शेठ, आता हे माझं आहे म्हणून कुणाला सांगू?"

*

शेवटी त्यानं गिटार विकायला काढली. ती न्यायला मी त्याच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर गेलो. केस बंद करतोय, तोच बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची चिनी आंटी, कमरेवर हात ठेवून.

मंदार घाईघाईनं म्हणाला, "सॉरी आंटी, आता आवाज येणार नाही. विकतोय मी."

"परवा मध्येच का थांबलास?"

"काय?"

आंटीनं बेसूर गुणगुणून दाखवलं. गाणं मंदारचंच होतं.

"माझा म्हातारा अंथरुणावर आहे. सारखा विचारतो, पुढे काय? खिडकी उघडी ठेवून वाजव. आणि लवकर हं! माझं सूप गॅसवर आहे."