कादंबरीतला शिपाई मारायचा नाही

मी शाळा दुसरीत सोडली. म्हणून मला लिहिता येत नाही असं कुणी समजू नये. येतं, सावकाश येतं.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव पारनेरच्या अलीकडं. शाळेवरचे एक मास्तर आमच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत राहायचे. एकटा जीव, जेवायला आमच्यातच. ते कादंबरी लिहीत होते. इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत आमच्या भागातनं ब्रह्मदेशात गेलेले शिपाई आणि मागं राहिलेली त्यांची घरं, असा विषय. दिवेलागणीला ओसरीवर बसून ते लिहिलेलं वाचून दाखवायचे. पावसानं दगा दिलेला. माणसं दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून दमून यायची, पण ऐकायला बसायचीच.

कादंबरीतली बाई म्हणजे माझी आई आणि तिचा शिपाई नवरा म्हणजे माझा बाप, हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. बाप त्या लढाईवर गेला तेव्हा मी पाळण्यात होतो. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं, पुढं काहीच नाही. आईनं कुंकू पुसलं नाही. गावानंही मान राखला. लग्नघरी जात्यावर हळद दळायला पाच सवाशिणी बसत, त्यात आई असे. कुरकुरणाऱ्या होत्या, पण तोंडावर कुणी बोलत नसे. आईचं तोंड त्यांना ठाऊक होतं.

अडचण अशी झाली, की कादंबरी म्हणजे मनानं रचलेली गोष्ट हे आमच्या लोकांना पटेना. शिकलेला माणूस लिहितोय म्हणजे नगरच्या कचेरीत चौकशी करूनच लिहीत असणार! बायका विचारत, "गुरुजी, त्याला गोळी लागली का वो?" मास्तर म्हणत, "अजून ठरवलं नाही." शेजारची मावशी मला म्हणाली, "ठरवलं न्हाई म्हंजे काय? त्यास्नी कळलंय, सांगंनात." तिच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आईला हळदीचं बोलावणं नव्हतं. पुस्तक काय म्हणतंय ते ऐकू, मग बघू, असं तिनं विहिरीवर चारचौघींत बोलूनही दाखवलं. म्हणजे शिपाई पुस्तकात मेला, की माझी आई गावात रांडाव झाली.

मी तडक मास्तरांपुढं उभा राहिलो. "शिपाई मारायचा न्हाई. सांगून ठेवतो."

मास्तर हसले. "अहो, शेवटी काहीतरी दुःख लागतं."

"मग माझा बैल घाला त्यात. त्यो मेलाच हाय."

आत आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"गुरुजी, ते गेले, हे तुमाला ठावं हाय का?"

"नाही."

"जित्ते हायेत, हे ठावं हाय?"

"तेही नाही."

"मलाबी न्हाई. मग जेवढं ठावं तेवढंच लिवा की. उगं पुढं कशापायी पळता? आन् बसा जेवायला, भाकर निवतीया."

मास्तर जेवले. मग काही दिवस वाचन बंद, खोलीचं दार लोटलेलं. मला वाटलं, रागावले. आई म्हणाली, "रागवू दे. भाकरी खात्यात न्हवं?"

शेवटचं वाचायचं ठरलं तेव्हा ओसरी भरून गेली. मावशी सगळ्यांत पुढं. पुस्तकातली बाई म्हातारी होते, घरात सून येते. रोज सकाळी कुंकू लावताना ती लढाईला एक, सरकारला एक आणि नवऱ्याला एक शिवी हासडते आणि कामाला लागते. तिथंच संपलं. मी आईकडं बघितलं. ती गालात हसत होती. रोज सकाळी आरशापुढं तिचं पुटपुटणं चालायचं, आणि मी जन्मभर समजत होतो की ती देवाचं नाव घेते! मास्तरांची खोली भिंतीपलीकडं, त्यांनी बरोबर ऐकलेलं.

बायका हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून बसल्या. मावशीनं मात्र विचारलंच, "पर त्याचं झालं काय?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "कुणालाच नाही."

"गुरुजींनाबी न्हाई," असं मावशी स्वतःशीच बोलली आणि आईकडं वळली. "आक्का, उद्या हळद दळायची हाय. लवकर या."

"आता पुस्तकाला इचारून बोलावतीस व्हय गं?" आई म्हणाली. "येते. पर जात्याला पयला हात माझा."

तिचाच लागला.