जागल्यामामांची झोप

जागल्यामामांना दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत झोप येत नसे, आणि हा माणूस तीस वर्षं दुसऱ्याबरोबर पाळीपाळीनं गाडी चालवत आला होता. शिरवळच्या बाजूला आमच्या शेठचं ट्रान्सपोर्ट होतं. तिथून आसाम, बंगाल, पंजाब असे लांबचे कंटेनर सुटायचे. प्रत्येकावर दोन ड्रायव्हर. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं सीटमागच्या फळीवर झोपायचं, म्हणजे गाडी थांबायला नको. मामा आपल्या झोपेच्या वेळी फळीवर आडवे होत, डोळे मिटत, आणि चालवणाऱ्यानं गिअर जरा उशिरा टाकला की मिटल्या डोळ्यांनीच म्हणत, "आता टाक की मर्दा." असल्या पहाऱ्याला कंटाळून अकरा जोडीदार सोडून गेले. गावच्या राखणदाराला जागल्या म्हणतात, त्यावरून सगळे त्यांना जागल्या म्हणू लागले. पुढचं मामा मी जोडलं.

मी त्यांचा बारावा जोडीदार. आंबवड्याजवळच्या गावचा, भोरच्या कॉलेजात दोन वर्षं बाक झिजवून शेवटी लायसन काढलेला. पहिल्या दोन खेपांना त्यांनी माझा प्रत्येक ब्रेक मोजला. तिसऱ्या खेपेला नागपूर सोडलं आणि मागून घरघर ऐकू यायला लागली. मला वाटलं इंजिनात काही बिघडलं. कान दिला तर मामा घोरत होते! जेवायला थांबायचा ढाबा आला तसा गेला, पण ते जागे होतील म्हणून मी पाय उचललाच नाही. चार तासांनी उठले, घड्याळ बघितलं, जरा वरमले आणि म्हणाले, "दत्त्या, पोटातलं पानी हालू दिलं न्हाईस लेका." त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं खूश होतो. गाढवपणा म्हणायचा तर तोच.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. लहानपण शेळ्या-मेंढ्यांच्या मागं गेलं. वाघरात, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, जनावरं कोंडली की हा पोरगा दाराशी आडवा, डोळे मिटलेले आणि कान उघडे. "बिबट्या सांगून येत न्हाई, आन् रस्त्यावरचा खड्डाबी न्हाई," असं ते म्हणत. शाळेत फार गेले नाहीत, पण गुवाहाटीपर्यंतचा प्रत्येक चढ त्यांना पाठ होता. पाट्या वाचता येत नसलेल्या मुलखात झाडांवरून रस्ता ओळखत. मला एकदा म्हणाले, "फुडं जुळी चिंच येईल, तितनं डावीकडं." चिंच आली. डावीकडे वळलो.

पाळी बदलताना त्यांचा एक रिवाज होता. नुसतं उतरलं आणि दुसरा बसला, असं चालत नसे. उतरणारा खांद्यावरचं पिवळं फडकं काढी, स्टिअरिंग पुसून घेई आणि ते फडकं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकताना गाडीची हकीकत सांगे. "ब्रेक बरा हाय. डावा आरसा हालतोय. फुडं वीस किलोमीटर रस्ता उकरलाय." बसणाऱ्यानं हे सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, मगच पहिल्यानं फळीवर जायचं. ज्याच्या खांद्यावर फडकं, त्याची गाडी, आणि गाडीचं जे काही होईल तेही त्याचंच. पुढं ऑफिसनं एक मोबाईल दिला. पाळी बदलली की त्यात आपापला नंबर दाबायचा, म्हणजे शेठला शिरवळमध्ये बसून कळावं. मामा तो दाबत, पण त्यांच्या लेखी कायदा फडक्याचाच.

वर्षातले दहा महिने आम्ही एका केबिनमध्ये काढले, पण बोलणं फार थोडं. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. आज मामांचा चेहरा आठवायला गेलं तर झोपेतलाच आठवतो, तोंड अर्धवट उघडं आणि एक हात कपाळावर. पगाराचं म्हणाल तर नंबर एकला, म्हणजे मामांना जास्त, नंबर दोनला, म्हणजे मला कमी, आणि दोघांना रोजचा भत्ता, तोही चाक फिरलं तर. माल उतरवायला गोडाऊनच्या दारात तीन-तीन दिवस उभं राहावं लागे. तिथं भत्ता नाही, संडास नाही, सावली नाही. मामा टायरला टेकून बसत आणि म्हणत, "चाक फिरलं तर आपण मानसं. थांबलं की आपणबी मालच." मग छोटा गॅस पेटवून घरचा आंबेमोहोर शिजत लावत. वास सुटला की शेजारच्या गाड्यांचे पंजाबी ड्रायव्हर थाळ्या घेऊन येत, आणि मामा स्वतःला खालची खरपुडी ठेवून सगळ्यांना वाढत. खोटं कशाला बोलू, इतका मायाळू माणूस मी पाहिला नव्हता.

सहाव्या वर्षी शेठ नवा कंटेनर घेणार होते. त्यावर नंबर एक कोण, याची ट्रान्सपोर्टमध्ये चर्चा होती. मामा न बोलावता ऑफिसात गेले आणि म्हणाले, "दत्त्याला द्या. म्या याच्या हातात झोपतो, आजून काय पायजे?" शेठ हसले आणि दिवाळीनंतर गाडी माझी, असं ठरलं. आईनं घराच्या नव्या पत्र्यांचा भावसुद्धा काढून ठेवला. मला मात्र पगारापेक्षा त्या शिफारशीचंच अप्रूप होतं.

दिवाळीच्या आधीच्या खेपेला आम्ही रायपूरच्या पुढं होतो. मला ताप भरला होता. दुपारी ढाब्यावर माझी पाळी सुरू झाली. मोबाईलमध्ये माझा नंबर दाबला, मामांनी फडकं दिलं, हकीकत सांगितली, मी ती परत म्हटली. दोन किलोमीटर गेलो आणि गाडी पट्ट्याबाहेर जायला लागली.

"थांबव. उतर," मामा म्हणाले. "झोप जा मागं."

"तुमी आठ तास चालवलंय मामा."

"मग काय झालं? बिबट्या आलाय व्हय? झोप."

मी नंबर बदलायला मोबाईल घेतला. त्यांनी तो काढून घेतला. "आताच बदललाय. परत दाबला तर हापिसातनं फोन येईल, काय झालं, का झालं. ऱ्हाऊ दे." फडकं माझ्या खांद्यावरून काढून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकलं, आणि मी निवांत झोपलो. मामा चालवत असताना मला कधीच काळजी वाटली नाही.

दणका बसला आणि मी फळीवरून खाली आलो. गाडी दुभाजकावर चढली होती, विजेचा खांब कंटेनरच्या पोटात घुसला होता, आणि खोके रस्त्यावर पसरले होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, दुसऱ्या गाडीला धक्का नाही, हे आमचं नशीब. दंडाच्या पावतीवर तिथलं प्रकरण मिटलं. मामा दुभाजकावर बसले होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "डोळा लागला रं." जन्मात ज्याला गाडीत झोप येत नव्हती, त्याला ती आली कुठं, तर स्टिअरिंगवर. मला त्यांची इतकी कीव आली की मीच त्यांना पाणी पाजलं.

शिरवळला परतलो. शेठनं दोघांना समोर उभं केलं. टेबलावर तो मोबाईल. "यात नंबर दोन दिसतोय," शेठ म्हणाले. "मामा, तुम्हीच सांगा. कोण होतं?"

मामा खांद्यावरच्या फडक्याचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, "पाळी त्याची व्हती."

शब्द न् शब्द खरा होता. पाळी माझीच होती. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. त्याला ताप व्हता, म्या चालवत व्हतो, एवढंच वाक्य. ते आलं नाही. तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललास? बोलायला हवं होतं. पण मामांच्या तोंडून येईल ते मी आपल्या तोंडानं कशाला सांगू, असं वाटलं, आणि वाट बघता बघता शेठ निकाल देऊन मोकळे झाले. नवी गाडी गेली, राहिलेला पगार नुकसानीत गेला, आणि आठवड्याभरात हायवेवरच्या सगळ्या ट्रान्सपोर्टांत माझं नाव झालं, गाडी ठोकणारा दत्ता. ज्या माणसाच्या शिफारशीनं मी वर चढलो, त्यानंच केसानं गळा कापला.

बाहेर आल्यावर मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरणा हाईस. तुला कुनीबी चावी दील. ह्या वयात म्या ठोकली म्हनल्यावर मला कोन उभं करंल?" मी त्यांचा हात झटकला नाही, याचा मला आजही राग येतो. घरी येऊन पिशवी उघडली तर तळाशी त्यांची आंबेमोहोराची अर्धी थैली. कधी टाकली कोण जाणे. आईला काही माहीत नव्हतं, तिनं भात लावला. घरभर वास सुटला. मी जेवलो नाही.

लांबच्या गाडीवर मला पुन्हा कुणी घेतलं नाही. वर्षभर मिळेल ते केलं, मग जुनी जीप घेतली आणि नसरापूर ते वेल्हे सीटवारी पासिंजर नेणारं वडाप सुरू केलं. शनिवार-रविवारी राजगडावर जाणारी पोरं पायथ्याच्या पालीत नेऊन सोडतो. पोटापुरतं भागतं. पण एक खोड मागं लागली. दुसरा कुणी चालवत असला की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. आईला घेऊन एसटीनं पुण्याला जातानाही मी ड्रायव्हरच्या पायांकडे बघत बसतो. मामांचं फडकं त्यांच्याकडेच राहिलं, त्यांचा जागता पहारा तेवढा माझ्याकडे आला.

गेल्या उन्हाळ्यात नसरापूरला पाच पासिंजर भरले आणि सहावं माणूस पुढच्या सीटवर येऊन बसलं. बघतो तर मामा. वाळले होते. "कसा हाईस?" एवढं विचारलं, मी "बरा" म्हणालो. गाडी निघाली. मार्गासनीच्या आधीच शेजारून ती ओळखीची घरघर सुरू झाली. तोंड अर्धवट उघडं, हात कपाळावर. माझा संताप झाला. कचकन ब्रेक दाबून या माणसाला जागं करावं, असं मनात आलं. आणि पाय मात्र आपोआप हलका पडत होता, हात खड्डे चुकवत होते. मागची बाई म्हणालीसुद्धा, "आज लई सावकाश चाललंय."

वेल्ह्यात सगळे उतरले. मामा जागे झाले, पण उतरले नाहीत.

"शेठ अजून एक गाडी घेतोय," ते म्हणाले. "माझ्या जोडीला मानूस टिकत न्हाई. तू गेल्यापासनं कुनाच्याबी हातात मला झोप आली न्हाई बग. म्या शेठला सांगतो समदं, कोन चालवत व्हतं ते. येतोस?"

इतकी वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली, ते असं समोर आलं होतं. पण ते माझ्यासाठी आलं नव्हतं. त्यांना झोप हवी होती.

"तुमी झोपाल मामा," मी म्हणालो. "तुमच्या हातात मला झोप लागायची न्हाई."

डोळे भरून आले त्यांचे, माझेही आले. मग त्यांनी सवयीनं खांद्यावर हात नेला. फडकं नव्हतं. तोच हात खिशात घातला, भाड्याचे पैसे काढले आणि पुढ्यात ठेवले. एके काळी त्यांच्याकडून भाडं घ्यायचं मला सुचलंही नसतं. त्या दिवशी मी ते घेतले, आणि वरची मोड मोजून त्यांच्या हातावर ठेवली.