मावशीला विचारायचा प्रश्न

जत्रेत रात्रीचा तमाशा करणं सोपं. अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची हजेरी. देवळासमोर भर उन्हात, कुस्त्यांच्या आधी, तोच खेळ थोडक्यात देवासाठी म्हणून करायचा. उन्हात तोंडावरचा रंग कसला भयाण दिसतो ते ज्यानं लावलाय त्यालाच ठाऊक.

मी फडात कृष्ण व्हायचो. माझ्यासमोर मावशी असायची, म्हणजे आमचा सोंगाड्या. मेढ्याकडचा गडी, लुगडं नेसून आणि कपाळभर कुंकू लावून यायचा. गवळणीत कृष्ण बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो आणि मावशी त्याची पार सालटी काढते. देवाची अशी चेष्टा आपल्याकडं देवळाच्या पुजाऱ्यालाही चालते. तोच पुढं बसून आधी हसतो. देवाच्या नावावर बसलेल्या माणसाची चेष्टा मात्र चालत नाही, हे आम्हाला जरा उशिराच कळलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर जत्रा पुन्हा भरायला लागल्या होत्या. औंधकडून तासगावकडं येताना एक गाव लागतं, तिथं एक मठ होता. मठातल्या महाराजांनी दुष्काळात अन्न सोडलं आणि ते नुसत्या वाऱ्यावर जगले, असं त्यांचे भक्त सांगायचे. महाराज चांगले गरगरीत होते. सोंगाड्यानं त्यांना एकदा पाहिलं आणि गवळणीत घातलं. मावशी दुधाचा हंडा घेऊन मठाकडं निघते. मी विचारायचं, "मावशी, महाराज तर वारा खाऊन राहतात, मग त्यांना दूध कशाला?"

मावशी कमरेवर हात ठेवून लोकांकडं वळायची. "व्हय की रं किस्ना! दुष्काळात आमी भाकरी खाऊन वाळलो आन म्हाराज वारं खाऊन सुटलं. मलाबी सांगा की, त्यो वारा कुटल्या दुकानात मिळतोय?"

महाराजांच्याच गावात हे बोलू नये एवढी अक्कल आम्हाला हवी होती. पण रात्री ते बोलून झालं आणि गाव पोट धरून हसलं. सकाळी आमच्या राहुटीत तिघं भक्त आले. कपाळाला बुक्का, हातात काठ्या.

"हजेरीला म्हाराजांचं नाव काडलंस तर तंगडं मोडून हातात दिऊ," एकजण सोंगाड्याला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आन द्येवा, तू इचारल्याबिगार ही मावशी बोलत न्हाई न्हवं? मग तू इचारूच नगंस." हे त्यानं अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं.

आम्ही पाटलांकडं गेलो. ते म्हणाले, "आवं, आमास्नी गावात ऱ्हायचंय. हजेरी तर चुकवता येत न्हाई, द्येवाची हाय. तेवढं एक वाक्य गाळा की."

तेवढं एक वाक्य! मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. सोंगाड्या म्हणाला, "गाळू. माजी पोरं ल्हान हाईत." लुगडं नेसताना त्याच्या हातून निऱ्या सारख्या निसटत होत्या. एरवी मी त्याला चिडवलं असतं.

हजेरीला ते तिघं लिंबाखाली काठ्या टेकून उभे होते. त्या वाक्याची जागा आली तेव्हा मी नुसता दुधाचा भाव विचारला. मावशीनं काहीतरी उत्तर दिलं, लोक थोडंफार हसले. निभावलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं एक म्हातारी ओरडली, "आरं किस्ना, इसरलास व्हय? म्हाराज वारं खात्यात, मग दूध कशाला, त्ये इचार की!" तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. रात्री ऐकलेलं तिला पुन्हा ऐकायचं होतं.

सगळे मावशीकडं बघायला लागले. सोंगाड्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची नजर लिंबाकडं गेली. त्यानं पदर तोंडात कोंबला आणि तो तसाच उभा राहिला. मी शेजारीच होतो. लुगड्याआड त्याचे पाय लटलट कापत होते. ते सोंग नव्हतं. पण तो कुठं बघतोय म्हणून लोकांनीही तिकडं बघितलं. तिथं ते तिघं, हातात काठ्या. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग अख्खं पटांगण हसून लोळायला लागलं. एवढा हशा आमच्या फडाला कधी मिळाला नव्हता. मी मात्र लिंबाखालच्या काठ्यांकडंच बघत होतो.

खेळ संपल्यावर कनातीमागं त्या तिघांनी सोंगाड्याला गाठलं. "न बोलता बोललास व्हय रं?" असं म्हणत काठ्या चालवल्या. मी मधे पडलो, एक खांद्यावर बसली. लोकांनी त्यांना ओढून काढेपर्यंत सोंगाड्याचा उजवा हात मोडला होता.

आमच्या ट्रकमधून त्याला सांगलीला दवाखान्यात नेलं. हात हलवता येईना, म्हणून लुगडं अंगावर तसंच होतं. तासगाव मागं पडल्यावर त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "न बोलल्याचा मार खाल्ला, गड्या. बोलून खाल्ला असता तर सोसला असता."

पुढच्या गावच्या जत्रेला त्याचा हात प्लॅस्टरमध्येच होता. मी महाराजांचा तो प्रश्न विचारणार नाही, असं मी त्याला बजावून ठेवलं होतं. डाव्या हातानं वाकडंतिकडं कुंकू लावत तो म्हणाला, "इचारायचं. न्हाईतर मी दुसरा किस्ना बघतो."

गवळणीत कृष्णानं मधोमध उभं राहायचं असतं. त्या दिवशी मी सरकत सरकत त्याच्या मोडक्या हाताच्या बाजूला गेलो, तो हात माझ्या अंगाआड घेतला, आणि विचारलं.