चालू कामे

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. लिफ्टमध्ये चिकटवलेल्या सूचनेतल्या चुका त्यांनी एकदा लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि तेव्हापासून सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणू लागली. त्यांचा व्यवसाय भाषांतराचा, तोही यंत्रांच्या माहितीपुस्तकांचा. पंप, कपडे धुण्याची यंत्रं, दवाखान्यातल्या खाटा. ‘हा पंप कोरडा चालवू नये’ एवढ्या एका वाक्यावर ते अर्धी सकाळ घालवत. पंप घेणारा ते वाचतसुद्धा नाही, असं बायको म्हणाली की ते म्हणत, “पंप जळल्यावर वाचेल ना! तेव्हा तरी त्याला नीट कळलं पाहिजे.”

ऑफिस घरातच होतं. रस्त्याकडच्या दोन खोल्या, मधलं दार कायम उघडं. आतल्या खोलीत मास्तरांचं टेबल आणि त्यांचा जुना, जड कॉम्प्युटर. बाहेरच्या खोलीत बायकोचा लॅपटॉप, प्रिंटर, फोन. मास्तर तिला मॅनेजर म्हणत. गिऱ्हाइकांशी बोलणं, तारखा सांभाळणं, गोड बोलून तगादा लावणं हे सगळं तिच्याकडे. आणि मेल; दोघांच्या कॉम्प्युटरवर खातं एकच. लग्नाआधी ती एका मालवाहतूक कंपनीत टेलिफोनवर बसायची, कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण मेलमध्ये काही बिघडलं की तिला अन्न गोड लागायचं नाही. बघून बघून, विचारून विचारून ती शिकली. पुढे पुढे तर दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा फोन घेऊन तिच्याकडे येत. “अहो, कॉम्प्युटरवर पाठवलेलं पत्र फोनवर दिसतच नाही!” मग ही चष्मा चढवून सांगायची, “कॉम्प्युटर त्या फोल्डरला ‘सेंट आयटम्स’ म्हणतो, फोन नुसतं ‘सेंट’ म्हणतो. दोघांना एकाच फोल्डरकडे बोट दाखवायला सांगायचं, झालं.”

त्यामुळे त्या वर्षी स्वतःच्याच घरातला मेल बिघडला, तेव्हा तिने आधी कोणाला विचारलं नाही.

बिघाडाची सुरुवात फोनपासून झाली. फोनवर नवीन मेल यायचे बंद झाले. गोल चक्र फिरत राहायचं आणि दमून थांबायचं. तिने खातं काढून पुन्हा घातलं. लॅपटॉपवर मेल येत होते, पण डाव्या बाजूच्या यादीत ‘चालू कामे’ हा फोल्डर रिकामा दिसत होता. त्याच्यापुढे एक छोटा बाण होता. बाण दाबला तर आत आणखी एक ‘चालू कामे’. त्याच्यापुढेही बाण. ती दाबत गेली. नावं उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर गेली, तरी मेल काही सापडेनात. मोजता मोजता तिने मोजणं सोडलं. सगळ्यात तळाशी, सगळ्यात आतल्या ‘चालू कामे’मध्ये, सगळी पत्रं एकगठ्ठा पडलेली होती.

“तुमच्या त्या जुनाट प्रोग्रॅमचं आणि माझ्या लॅपटॉपचं पटत नाहीये,” ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली.

“माझ्या प्रोग्रॅमला नावं ठेवू नकोस. आज सकाळीच मी सगळं लावून टाकलंय,” मास्तर म्हणाले.

तिने सगळी पत्रं ओढून वर आणली, आतले रिकामे फोल्डर एकेक करून पुसले आणि वर हात झटकले. दुसऱ्या दिवशी आत पुन्हा एक फोल्डर तयार होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याही आत एक.

त्याच सुमारास पंपांच्या कंपनीतून फोन आला. तिथली बाई जरा संकोचानेच म्हणाली, “तुम्ही तिसरा भाग पुन्हा पाठवलाय. आम्हाला चौथा हवा होता.” हिने माफी मागितली आणि फोन ठेवता ठेवता मेललाच शिव्या घातल्या. फोल्डरच्या या गोंधळात जुनी फाईल वर आली असणार, यांनी तीच उघडली असणार. खाटांच्या कंपनीचा मेल चार दिवस उत्तराविना पडून होता. त्याचाही दोष तिने फोल्डरलाच दिला. एकदा मास्तरांना ‘झाकण’ हा शब्दच आठवेना, तो ते तिला विचारत बसले. हाताने झाकण लावून दाखवत होते, पण तोंडात शब्द येत नव्हता. “माणूस दिवसभर स्क्रीनकडे बघत बसला की असंच होतं,” ती म्हणाली.

शेवटी तिने मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला एक माणूस शांत आवाजाचा होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये कीबोर्ड वाजत होता.

“मॅडम, फोन का अडतोय ते कळलं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असं करत करत आतल्या फोल्डरचा पत्ता इतका लांब झालाय, की फोनला तो वाचताच येत नाही. म्हणून तो तिथेच अडकतो.”

“ते कळलं हो. पण ते होतंय कशाने? यांच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम जुना आहे. तोच आपोआप करत असेल.”

“आपोआप केलं असतं तर दिवसभरात केव्हाही झालं असतं. हे रोज सकाळीच होतंय, त्याच एका कॉम्प्युटरवरून. आणि फोल्डर केला की पाठोपाठ पत्रंही आत हलवली जातायत, थोडी थोडी करून. कोणीतरी हाताने करतंय, मॅडम.”

“म्हणजे सर्व्हर ठीक आहे?”

“अगदी ठणठणीत.”

आजवर हे ऐकलं की तिला हायसं वाटायचं. या वेळी तिने फोन ठेवला आणि बराच वेळ प्रिंटरकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कप टेबलावर ठेवून मास्तरांच्या मागेच उभी राहिली. मास्तर मेल उघडत होते. सगळ्यात आतल्या ‘चालू कामे’वर त्यांनी क्लिक केलं. पत्रांची रांग समोर आली. ती बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“काय हा पसारा!” ते म्हणाले. “चालू कामांना एक वेगळा फोल्डर केला पाहिजे.”

त्यांनी राइट क्लिक केलं. नवीन फोल्डर. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी नाव लिहिलं: चालू कामे. ऱ्हस्वदीर्घ तपासलं. आणि एकेक पत्र काळजीपूर्वक उचलून त्यात टाकायला लागले. प्रत्येक पत्राचा विषय वाचत होते, मान डोलावत होते.

“अहो,” ती म्हणाली, “हे काल केलं होतं ना?”

“छे! कालच केलं असतं तर आज एवढी पत्रं बाहेर राहिली असती का?” ते हसले. त्यांचं हसू नेहमीचंच होतं, चुकीचा शब्द पकडल्यावरचं. “आता बघ, कसं झकास झालं. मॅनेजर खूश?”

“खूश,” ती म्हणाली. आणि बाहेर येऊन, मधलं दार उघडं आहे हे लक्षात येऊन, तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मास्तरांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी सुंदर गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. डॉक्टर तिला म्हणाले, “तुमच्या लक्षात कधी आलं?” तिला सांगता येईना. मेलमध्ये बिघाड होता असं ती म्हणाली, ते डॉक्टरांना कळलं नाही, आणि तिनेही मग समजावलं नाही.

परगावी असलेली लेक येऊन आठवडाभर राहिली. जाताना म्हणाली, “आई, कामं बंद कर आता. आणि बाबांना फोल्डर करता येणार नाही असं काहीतरी करून टाक. रोज रोज का निस्तरत बसतेस?”

लेकीचं चूक नव्हतं. लेक गेल्यावर तिने सर्व्हरवाल्याला सांगितलं. फोल्डर करण्याची परवानगी त्या कॉम्प्युटरवरून काढून घेता येते, हे तिला ठाऊक होतंच. त्याने दोन मिनिटांत काम करून दिलं.

सकाळी आतून मास्तरांची हाक आली. “अगं, इकडे ये जरा.”

ती गेली. पडद्यावर ‘परवानगी नाही’ अशी एक छोटी चौकट आली होती. मास्तरांनी ती बंद केली, पुन्हा राइट क्लिक केलं, पुन्हा नाव लिहिलं. पुन्हा चौकट.

“हे मला नाही म्हणतंय,” ते म्हणाले.

“मशीन जुनं झालंय हो.”

“नाही गं. माझंच काहीतरी चुकतंय.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “इतकी वर्षं करतोय. आज मला साधा फोल्डर करता येत नाही.” त्यांचा हात माउसवरच होता. दुपारपर्यंत ते तिथेच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. दर थोड्या वेळाने क्लिकचा आवाज यायचा आणि मग काहीच नाही.

तिने सर्व्हरवाल्याला फोन केला. “ती परवानगी परत द्या.”

“मॅडम, परत तसंच होईल.”

“होऊ दे. ते दुपारी झोपतात, तेव्हा मी आवरत जाईन.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग हळूच म्हणाला, “ताई, दिली बघा.”

कामं तिने ओळखीच्या दोघा भाषांतरकारांकडे सोपवली. पण मास्तरांच्या टेबलावर पत्रं यायची थांबली नाहीत. पंपांच्या कंपनीतल्या त्या बाईला तिने सगळं सांगितलं होतं, आणि ती बाई अधूनमधून जुन्याच पुस्तकाचं एखादं पान पाठवायची, ‘सवडीने करा’ असं लिहून. मास्तर ते छापून घेत, समोर ठेवत, कधी एक वाक्य करत, कधी अर्धं. सकाळी फोल्डर होई, दुपारी ती पत्रं वर आणी. पुढे ते नावात चुका करायला लागले. ‘चालु कामे’. मग ‘चा का’. ती चुकलेलं नाव कधी सुधारत नसे. पत्रं काढून घेई आणि फोल्डर पुसून टाकी. पुसताना प्रोग्रॅम विचारायचा, खरंच पुसायचं का? त्या प्रश्नापाशी तिचा हात दरवेळी थबकायचा.

मग एका सकाळी ती मेल बघायला बसली तर काहीच नव्हतं. फोल्डर एकच, आणि पत्रं त्यात जशीच्या तशी. फोनवर मेल झरझर उतरत होते. सगळं सुरळीत होतं.

ती धावतच आत गेली. कॉम्प्युटर बंद होता. मास्तर टेबलाशी नव्हते, खिडकीपाशी खुर्ची ओढून रस्त्याकडे बघत बसले होते. अंगात घडीचा शर्ट, बाहेरच्या कामाला निघाल्यासारखा. तिची चाहूल लागली तसे ते अदबीने उठून उभे राहिले.

“या, या,” ते म्हणाले. “तुम्ही इथल्या ऑफिसच्या का?”

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

“हो,” ती म्हणाली.

“मी बराच वेळ बसलोय. मला कोणी सांगेल का, मी काय करायचंय?”

“काही नाही करायचं. तुमचं काम झालंय.”

“झालं? नीट झालं ना?”

“अगदी नीट. तुम्ही बसा. चहा घ्याल?”

“तुम्हाला त्रास नसेल तर,” मास्तर म्हणाले.

ती त्यांना पहिल्यापासून अहोजाहोच करत आली होती. तिला एकही शब्द बदलावा लागला नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं, आणि पाणी उकळून आटून जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.